एका शब्दात सांग

“जिचा नवरा वारला आहे अशी बाई,” हेरंब मास्तर इंग्रजीत म्हणाले आणि त्यांनी काठीचे टोक बाकाच्या पायावर हलकेच आपटले.

“विडो,” शरच्चंद्र म्हणाला.

“ज्याची बायको वारली आहे असा पुरुष.”

“विडोअर.”

“आई नाही, बाप नाही असं पोर.”

“ऑर्फन.”

“जिचा नवरा आहे की नाही हे कुणालाच ठाऊक नाही, अशी बाई,” असे कोणीतरी मराठीत म्हणाले, आणि ते आपणच म्हणालो हे शरच्चंद्रच्या जरा उशिरा ध्यानात आले.

मास्तरांची काठी वरच्या वर थांबली. कमाटीबागेत संध्याकाळचा बँड चालू होता. कडुनिंबाच्या मोहोराचा गोडसर, कडवट वास बाकापर्यंत येऊन तिथेच थबकल्यासारखा झाला होता. “परीक्षा तू घेणार की मी?” मास्तर हसून म्हणाले. मग त्यांनी डोळे मिटले, आणि डोक्यातल्या एखाद्या मोठ्या कपाटाचे खण उघडून पाहावेत तसा त्यांचा चेहरा हलला. “नाही. असा शब्द नाही. साहेबाच्या भाषेत शब्द नाही, म्हणजे साहेबाच्या मुलखात अशी बाई नाही. असती तर त्यांनी केला असता शब्द. अरे, नळाच्या तोटीत चामड्याची चकती असते, तिलासुद्धा नाव दिलंय त्यांनी. वॉशर! आपण काय म्हणतो? ‘ते आतलं.’ म्हणून आपले नळ गळतात.” आपल्या विनोदावर ते स्वतःच खूश झाले, आणि शेजारून चाललेल्या चणेवाल्याला त्यांनी हाक मारली. “गरम छे, साहेब, एकदम गरम,” चणेवाला म्हणाला. मास्तर पादरा गावच्या शाळेतून निवृत्त होऊन नुकतेच बडोद्याला राहायला आले होते. शरच्चंद्रच्या घराविषयी त्यांना काही माहीत असण्याचे कारण नव्हते. तरीही पुडीतला चणा तोंडात टाकताना शरच्चंद्रला वाटले की आपण भर बागेत, बँडच्या सुरात, आईला हात धरून उभी केली आणि ‘अशी बाई नाही’ असे एका गृहस्थाने तिच्या तोंडावर सांगितले.

येत्या सोमवारी त्याला कमिटीपुढे बसायचे होते. संस्थानाची शिष्यवृत्ती होती, विलायतेला जाऊन रंगांचे रसायन शिकायचे होते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तो मुलांना ब्युरेट धरायला शिकवी, ॲसिडांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या लिही, आणि त्याची बी. एस्‌सी. पहिल्या वर्गातली होती. पण त्याचे इंग्रजी लांब होते. मास्तरांनी पहिल्याच दिवशी ते ओळखले. “तू एक गोष्ट सांगायला बैलगाडीतून निघतोस,” ते म्हणाले होते. “लांबलचक बोलणारा माणूस खोटं बोलतोय असं साहेबाला वाटतं. एका शब्दात सांग. शब्द टाक आणि तोंड मीट.” तेव्हापासून ते दोघे रोज संध्याकाळी या बाकावर बसत. मास्तर ओळभर लांबीचे वाक्य टाकत, आणि त्याने त्याच्या जागी एक शब्द ठेवायचा. त्याला हे आवडू लागले होते. त्याच्या विद्येला ते जवळचे होते. हवेतले पाणी ओढून घेऊन त्यातच विरघळून जाणारा पदार्थ, असे म्हणत बसायचे कारण नाही. डेलिक्वेसंट म्हटले की काम झाले. ब्युरेटच्या नळीतून थेंब थेंब सोडत जावे, काही होत नाही, काही होत नाही, आणि मग एका थेंबाला सगळा चंबू रंग बदलतो. तो थेंब म्हणजे शब्द. आधीचे सारे नुसते वाट पाहणे. जो सुधारत नाही तो इन्कॉरिजिबल, जो सगळे खातो तो ऑम्निव्होरस, जे वाचता येत नाही ते इलेजिबल. वाटेने जाताना, जेवताना, अंघोळीच्या तांब्यागणिक तो जगातली लांब लांब वाक्ये उचलून एकेका शब्दात बसवत होता, आणि जग त्याला हलके, स्वच्छ, एखाद्या नव्या काचेच्या भांड्यासारखे वाटू लागले होते.

आता मात्र बाकावरून उठून तो रावपुऱ्याच्या बाजूने चालू लागला आणि त्याला पहिल्यांदाच असे जाणवले की आपल्या घरी एक वाक्य आहे, ते आपण कधी उचलून पाहिलेले नाही. ‘ते बाहेरगावी आहेत.’ हे वाक्य त्याने इतक्या वेळा ऐकले होते की ते घरातल्या पाटासारखे, पाण्याच्या पिंपासारखे झाले होते. दारात कुणी आले, दूधवाला, पोस्टमन, नवे बिऱ्हाडकरू, देवळाची वर्गणी मागणारे, आणि त्यांनी विचारले की घरात कोण पुरुषमाणूस आहे, की आई पदर सारखा करून म्हणे, “ते बाहेरगावी आहेत.” तिने हे वाक्य कधी घाईने म्हटले नाही की कधी रेंगाळून म्हटले नाही. दूधवाला गुजराती असला तर ती म्हणे, “बहारगाम छे.” शरच्चंद्र लहान असताना त्याला बाहेरगाव हे एका गावाचे नाव वाटे. पादरा, डभोई, बाहेरगाव. तिथे जायला रस्ता असेल, तिथे पार असेल, तिथे वडील एका ओटीवर बसून काहीतरी लिहीत असतील. त्या गावात उन्हाळा नव्हता. भिंती निळसर होत्या. ते गाव त्याने इतक्या बारकाईने पाहिले होते की पुढे शाळेत नकाशा आला तेव्हा त्यावर ते नाही हे पाहून तो घाबरला होता, आणि त्याने कुणाला काही विचारले नव्हते.

वडिलांना पाहिल्याचे त्याला किती आठवत होते, आणि ऐकल्याचे किती, हे त्याने अलीकडे वेगळे करायचा प्रयत्न केला होता. मिश्रण तापवावे, जे आधी उडते ते आधी बाजूला काढावे, तसे. छत्री ही ऐकलेली होती. धोतराचा काठ, तोही ऐकलेला. डभोईला एका दिवसाच्या सरकारी मोजणीच्या कामाला निघाले, दुपारच्या गाडीने, दशमी बरोबर घेतली नाही, ‘संध्याकाळी येतोच’ म्हणाले, हे सगळे आईचे आणि मोहनकाकांचे. डभोईला उतरलेले पाहणारी माणसे होती. तिथून पुढे चांदोदला नर्मदेच्या घाटावर कुणी पाहिले असे म्हणणारे होते, आणि तसा नव्हताच तो माणूस, तो उंच होता, असे म्हणणारेही होते. हे सारे उडून गेल्यावर तळाशी एकच गोष्ट उरत होती, आणि ती कुणी सांगितलेली नव्हती. गोयागेटच्या स्टेशनावर छोट्या रुळांवरची छोटी गाडी उभी आहे, आपण कुणाची तरी करंगळी धरली आहे, आणि ती करंगळी आपल्या मुठीतून काढून घेतली जात आहे, हळूच, झोपलेल्या माणसाच्या हातातून पंखा काढून घ्यावा तशी. “तू कुठला स्टेशनावर?” आई म्हणे. “तू झोपला होतास. मी दार लावलं तेव्हासुद्धा तू जागा झाला नाहीस.” आई खोटे बोलत नसे. म्हणून ती करंगळी कुठून आली हे त्याला कधी कळले नव्हते; पण चंबूची मान धरताना कधी कधी मुठीत काहीतरी कमी असल्याचे त्याला जाणवे.

घरी पोचला तेव्हा आई रसोड्यात होती आणि ओसरीवर मोहनकाका बसले होते. काका वडिलांचे धाकटे भाऊ. आजोबा गायकवाडी फौजेत शिलेदार होते, काकांनी फौज पाहिली नव्हती, पण बसणे घोड्यावरचे होते. त्यांनीच शरच्चंद्रला शिकवले होते, आणि विलायतेच्या बाँडवर सही करायलाही तेच तयार होते. अडचण एवढीच होती की ती सही वडिलांची लागे. शिकून परत येऊन संस्थानाची नोकरी करीन याची हमी बापाने घ्यायची. बाप नसेल तर काका, मामा, कुणीही जबाबदार गृहस्थ. बाप आहे की नाही हे सांगता येत नाही, असा रकाना त्यांच्याकडे नव्हता. तसे कुणी सांगितले तर कागद कायदेखात्याकडे जाणार, तिथे वर्ष जाणार, आणि शरच्चंद्रचे वय पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीच्या नियमाबाहेर पडत होते.

“सात वर्षं बातमी नाही की कायदासुद्धा माणूस वारला असंच धरतो,” काका आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. “आपल्यात तर बारा वर्षं झाली की दर्भाचा माणूस करून अग्नी देतात. वहिनी, मी तेव्हा भटजींना घेऊन आलो होतो, आठवतं?”

“आठवतं, भाऊजी,” आई आतून म्हणाली. “भटजींनी दोनदा कढी घेतली होती.”

“थट्टा नको. पोराचं विलायतेचं चाललंय.”

“मी कुठं अडवतेय? कचेरीवाल्यांना वर्षं मोजायची हौस आहे, ती त्यांनी कागदावर करावी. मी तेव्हाच म्हटलं, गवताला मी नवरा म्हणायची नाही.” मग भांडे ठेवल्याचा आवाज झाला. “शरू, बारी लाव रे, डास येतात.”

खिडकी लावता लावता शरच्चंद्रने पाहिले की काका त्याच्याकडे बघत आहेत. “एक शब्द,” ते हळू आवाजात म्हणाले. “कमिटीत विचारतील, वडील आहेत का? तू एक शब्द बोल. इंग्रजीत काय असेल तो. कुणी तपासायला येत नाही. मी सही करतो, तू बोटीत बस. पण मागाहून वहिनींना काय ते... तू शिकलेला आहेस.” पुढचे त्यांनी बोलून दाखवले नाही. ते न बोललेले वाक्य लांब होते आणि त्यात आईच्या कपाळाचे कुंकू होते, हातातल्या बांगड्या होत्या, शुक्रवारी ओटी भरायला येणाऱ्या बायका होत्या, आणि तिला कुठल्या समारंभात पुढे बसवायचे आणि कुठल्यात मागे, ते सगळे होते. बडोद्यातली मराठी घरे एकमेकांच्या चुलीवर काय शिजते ते जाणत. एका घरात म्हटलेला शब्द सुरसागर तळ्याला वळसा घालून संध्याकाळच्या आत दुसऱ्या घरात जेवायला बसे.

त्यानंतरचे दिवस त्याने शब्द शोधण्यात काढले. तो एखादा असा शब्द शोधत होता जो खोटाही नसेल आणि आईला हातही लावणार नाही. प्रयोगशाळेत मुले लिटमसचे कागद बुडवत उभी असत आणि तो खिडकीशी उभा राहून मनात एकेक शब्द उजेडाकडे धरी. ॲबसेंट. हा वर्गातल्या मुलांचा, हजेरीचा. उद्या येईल अशा पोराचा. मिसिंग. हा वस्तूंचा, वजनांच्या पेटीतले एक वजन मिसिंग होते आणि त्यासाठी शिपायाला बोलणी बसली होती. ॲब्स्काँडिंग. हा पोलिसांचा, त्या शब्दातला माणूस वाकून, भिंतीच्या सावलीतून पळत होता, आणि त्याच्या हातात छत्री शोभत नव्हती. प्रत्येक शब्द नेमका होता, आणि म्हणूनच चुकीचा होता. एखाद्या अंगाला भलत्याच मापाचा सदरा चढवावा तसा तो वडिलांवर चढवला की वडील त्या सदऱ्याच्या मापाचे होऊन जात. आणि एक शब्द तर त्याने शोधलाच नव्हता, तो आपणहून येऊन बसला होता. डिसीज्ड. मऊ, कापसात गुंडाळलेला, कचेरीतला. त्यात प्रेत नव्हते, रडणे नव्हते, लाकडे नव्हती. टायपिंगच्या यंत्रातून तो सरळ निघत असे. मास्तरांना तो म्हणाला, “मेला, वारला, यातलं काहीच वाटत नाही त्यात.” मास्तर म्हणाले, “तेच तर. त्या भाषेत माणसं अशी मरतात की शेजाऱ्याची झोप मोडत नाही.”

रविवारी संध्याकाळी तो सुरसागराच्या कठड्याशी बसला. पाण्यात पलीकडच्या घरांचे दिवे एकेक करून लागत होते. लागताना दिसत नव्हते, लागलेले दिसत होते. त्याला वाटले की आपण ज्याला नेमकेपणा म्हणतो तो असा दिवा आहे. तो लागला की त्याच्यापुरते पाणी दिसते आणि बाकीचे तळे काळे होते. दिवा नसताना, आत्ता थोड्या वेळापूर्वी, सगळे तळे दिसत होते, धूसर, पण सगळे. आई त्या धूसर तळ्यात राहत होती. तिथे ती विधवा नव्हती आणि सधवाही पुरती नव्हती. तिथे सणाला एक पान जास्त वाढले जात नव्हते, पण एक पाट भिंतीशी उभा असे. तिथे जिना वाजला तर ती मान वळवत नसे, पण तिचा हात क्षणभर थांबे. हे असे राहणे तिला जमत होते. इतकी वर्षे जमले होते. आणि आपण उद्या सकाळी काचेच्या नळीतून एक थेंब सोडणार. तो उठला तेव्हा त्याचे पाय बधिर झाले होते, आणि मांडवीपर्यंतचा रस्ता कुणा दुसऱ्याच्या पायांनी चालत असल्यासारखा त्याने पार केला.

सोमवारी सकाळी आई आरशापुढे बसली होती. कपाळावर मेण लावून त्यावर ती कुंकवाचे बोट टेकवीत होती. ही रोजची गोष्ट. पण शरच्चंद्र बूट हातात घेऊन दारात उभा राहिला आणि त्याला निघता येईना.

“काय काय विचारतात रे तिथं?” आरशातून ती म्हणाली.

“रसायन. थोडं गणित. आणि घरचं.”

“घरचं म्हणजे वडिलांचं.”

तो हातातल्या बुटाची नाडी सैल करू लागला.

“भाऊजी सांगत होते, सगळं इंग्रजीत असतं.”

“हो.”

“सगळं? एक अक्षर मराठी नाही?”

“नाही. साहेब अध्यक्ष आहेत.”

“मग सांग ना,” ती म्हणाली. तिने कुंकवाच्या कडा करंगळीने पुसून सारख्या केल्या. “नाहीत म्हणून सांग. इंग्रजीत सांग. इंग्रजीत मला कोण ओळखतंय? तिथं मी विधवा झाले तर झाले.”

“आई, असं कसं...”

“कसं म्हणजे? तू बूट घालून कचेरीत जातोस, तेच बूट घालून देवघरात येतोस का? बाहेरचं बाहेर.” ती वळली. “काय म्हणतात ते? तो शब्द?”

“डिसीज्ड.”

“डिसीस्ट,” तिने म्हणून पाहिले. पुन्हा एकदा म्हटले. तिच्या तोंडात तो एखाद्या अनोळखी फळाच्या बीसारखा फिरला. “चांगला आहे. काही कळत नाही त्यातून. तो शब्द तिथंच ठेवून ये मात्र. घरी आणू नकोस.” मग तिने त्याच्या हातावर दही घातले.

कोठीच्या कचेरीतली ती खोली उंच होती आणि तिच्यात वरचा पंखा इतका सावकाश फिरत होता की तो वारा घालत नसून वेळ ढवळत आहे असे वाटावे. मेजापलीकडे दोघे होते. अध्यक्ष वयस्क इंग्रज गृहस्थ होते, त्यांचे कान गुलाबी आणि आवाज बारीक होता. त्यांच्या उजव्या हाताला पागोट्यातले, भरघोस मिश्यांचे एक मराठा अंमलदार डोळे अर्धे मिटून बसले होते, ते जगदेवराव. सुरुवातीला अध्यक्षांनी त्यांचे नाव सांगितले तेवढेच, आणि ते झोपले असावेत असे शरच्चंद्रने गृहीत धरले. प्रश्न रसायनाचे आले, आणि ती एक तरंगणारी, सुखाची अवस्था होती. अध्यक्ष वाक्य टाकत, तो शब्द ठेवी. शब्द ठेवी आणि तोंड मिटी. नीळ कशाने उडते, रंग सुताला का धरतो, मधला पदार्थ कोणता. मॉर्डंट. अध्यक्षांची मान प्रत्येक शब्दाला हलत होती. त्याला वाटले, मास्तर खिडकीबाहेर बसून काठीने ताल देत आहेत.

“तुमचे वडील हयात आहेत?” अध्यक्षांनी त्याच बारीक आवाजात, त्याच वेगाने विचारले.

“डिसीज्ड,” शरच्चंद्र म्हणाला.

काही झाले नाही. पंखा फिरत होता. अध्यक्षांनी टाक दौतीत बुडवून काहीतरी लिहिले. ते लिहिण्याइतके लहान होते. इतके सोपे होते तर, असे त्याच्या मनात आले, आणि त्या सोपेपणाने त्याच्या कानशिलांत उगाच एक थंडावा पसरला. तेवढ्यात जगदेवरावांनी डोळे उघडले. म्हाताऱ्या माणसाला पोरक्या पोराबद्दल वाटते तेवढीच माया त्यांच्या चेहऱ्यावर होती. ते पुढे झुकले आणि मराठीत म्हणाले, “कधी गेले रे वडील?”

त्याची कसलीच तयारी नव्हती. इतके दिवस त्याने त्या दुसऱ्या भाषेच्या बाजूची सगळी दारे लावून घेतली होती, आणि हा प्रश्न घरातूनच, रसोड्याच्या बाजूने आला होता. “मी चार वर्षांचा होतो,” तो म्हणाला.

“अरेरे. आणि कशानं गेले?”

“रेल्वेनं,” शरच्चंद्र म्हणाला.

तो शुद्ध खरे बोलला होता. जगदेवरावांनी जीभ टाळ्याला लावून चुकचुक केली, आणि अध्यक्षांकडे वळून इंग्रजीत म्हणाले की याचे वडील आगगाडीखाली सापडले. अध्यक्षांनी गुलाबी कानांसकट मान हलवली, “भयंकर” असे काहीसे म्हटले, आणि टाक पुन्हा दौतीकडे नेला. त्या एवढ्याशा वेळात शरच्चंद्रला पुढचे सगळे दिसले. जगदेवराव दुपारी पाटावर बसले आहेत, भात कालवता कालवता पत्नीला सांगत आहेत, अगं, तो शिलेदारांच्या घरातला पोरगा. बाप गाडीखाली गेला म्हणे, आणि आपल्याला इतकी वर्षं ठाऊक नाही, आणि ती बाई अजून... आणि त्यांच्या पत्नीचा वाढता हात थांबला आहे. तो शब्द तिथे ठेवून येता येणार नव्हता. तो आता मराठी झाला होता. त्याला पाय फुटले होते. आणि त्याच वेळी त्याला रुळांवरचे ते प्रेतही दिसले, जे कधी नव्हतेच, छत्रीसकट, आणि ते आपणच तीन अक्षरी उत्तरात तयार केले होते.

“नाही,” तो मोठ्याने म्हणाला. टाक थांबला. “गाडीखाली नाही. गाडीत बसून गेले. डभोईच्या.”

“डभोईच्या?” जगदेवरावांच्या मिश्या हलल्या. “त्या छोट्या गाडीखाली बकरी मरायची म्हटली तरी तिला आधी झोपवून ठेवावी लागेल. मग काय झालं डभोईला? पटकी?”

“काही झालं नाही. एका दिवसाच्या मोजणीला गेले होते. संध्याकाळी येतो म्हणाले.” वाक्य लांबत होते. लांबू दे, असे त्याला वाटले. त्याला त्या वाक्यात कुठे उतरायचे ते स्टेशन दिसत नव्हते. “आई म्हणते, ते बाहेरगावी आहेत. अजून यायचेत.”

जगदेवराव त्याच्याकडे बघत राहिले. त्यांचे डोळे आता पुरते उघडे होते आणि ते सरकारी अंमलदाराचे होते.

“आणि साहेबांना आत्ता काय सांगितलंस?”

“ते इंग्रजीत.”

“म्हणजे तुझे वडील इंग्रजीत वारले आणि मराठीत यायचेत?”

“होय,” शरच्चंद्र म्हणाला.

“कुणी शिकवलं हे तुला?”

“आईनं.”

अध्यक्षांनी टाक खाली ठेवला आणि काय चालले आहे असे विचारले. शरच्चंद्र मेजाच्या कडेकडे पाहत होता. लाकडावर शाईचा एक जुना डाग होता, त्याचा आकार कशासारखाच नव्हता. आता सगळे जाणार हे त्याला स्पष्ट कळत होते, बोट, ते थंड देश, ते रंगाचे हौद, काकांची सही, आणि आश्चर्य असे की ते जात असताना त्याला हलके वाटत नव्हते की जडही वाटत नव्हते. आपण दोन्हीकडून हरलो. ते इंग्रजीतही सांगून झाले आणि मराठीतही.

जगदेवरावांनी मिशीवरून हात फिरवला. तो हात फार वेळ फिरला. मग ते इंग्रजीत, एकेक शब्द निवडून म्हणाले, “काही नाही, सर. माझं भाषांतर चुकलं. अपघात झाला नव्हता. तेवढं लिहू नका.”

“पण आधीचं बरोबर आहे?” अध्यक्षांनी कागदाकडे पाहिले.

“आधीचं तुम्ही इंग्रजीत ऐकलंत. त्यात मी कशाला पडू?” जगदेवराव म्हणाले आणि मागे टेकले. त्यांचे डोळे पुन्हा अर्धे मिटले. अध्यक्ष कागद उलटून पुढे बघू लागले तेव्हा, जणू झोपेतच, त्यांनी मराठीत विचारले, “आईचं नाव काय?”

“अहल्याबाई.”

“आमच्याकडे येत्या शुक्रवारी चैत्रागौरीचं हळदीकुंकू आहे. घरून बोलावणं येईलच. पण मीही सांगितलंय म्हणावं. नक्की यायचं.”

शरच्चंद्रने मान हलवली. त्याला काहीतरी बोलायचे होते, लांब, पुष्कळ लांब. अध्यक्षांनी कागदावरून मान वर करून त्याला पुढचा प्रश्न विचारला. प्रश्न सोपा असावा. तो त्याला नीट ऐकू आला, पंख्याच्या आवाजासारखा, आणि त्याचा अर्थ लागायला बराच वेळ लागला, कारण तो इंग्रजीत होता.